नावडतं गाणं, आवडतं माणूस

एक कबुली सुरुवातीलाच देऊन टाकते. कोल्डप्ले हा बँड मला आवडत नाही. राग वगैरे काही नाही, पण त्यांची गाणी मला नेहमी एकाच साच्यातली वाटत आली आहेत. हळू सुरुवात, मग पियानो, मग आवाज चढत चढत जाणार आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ‘ओ ओ ओ’. माझा कान घडला तो घरच्या रेडिओवर आणि पुढे रात्र रात्र चालणाऱ्या शास्त्रीय मैफलींत. त्यामुळे लेकीच्या खोलीतून हा बँड ऐकू आला की मी दार ओढून घेत असे.

असं असूनही जानेवारी २०२५ मध्ये मी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांच्याच कार्यक्रमाला हजर होते. १८, १९ आणि २१ जानेवारी असे तीन दिवस तिथे कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटं आदल्या सप्टेंबरात निघाली आणि बघता बघता संपली. लेकीने आणि तिच्या मैत्रिणीने कशीबशी दोन मिळवली होती. ऐनवेळी मैत्रीण तापाने आडवी झाली. लेक म्हणाली, “आई, तू चल ना. तिकीट वाया जाईल.” तिकिटाची किंमत ऐकल्यावर मला दुसरा पर्यायच उरला नाही. मध्यमवर्गीय माणूस नावडीपेक्षा नासाडीला जास्त घाबरतो.

ठाण्याहून नेरुळला जाणारी लोकल तरुण मुलामुलींनी भरलेली होती. स्टेडियमच्या दारात प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी बांधली गेली. कार्यक्रम सुरू झाला की या पट्ट्यांमधले दिवे दुरून नियंत्रित होतात आणि गाण्याबरोबर रंग बदलतात. ‘येलो’ हे गाणं सुरू झालं तशी सगळी बैठक हळदीसारखी पिवळी झाली. माझ्या उजवीकडचा मुलगा डोळे मिटून प्रत्येक शब्द म्हणत होता आणि त्याच्या हातावर काटा उभा राहिलेला मला स्पष्ट दिसत होता. डावीकडे माझी लेक उड्या मारत होती. मी मधोमध बसून परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मोबाइलवर बघत होते.

भूक नसताना पंगतीत बसल्यासारखी माझी अवस्था होती. वाढणारे वाढताहेत, शेजारचे मिटक्या मारताहेत आणि आपण पानावरचं मीठ चिवडत बसलो आहोत. तिथेच हा प्रश्न मनात आला. ध्वनीच्या लाटा तर एकच आहेत. त्या याच्या कानात शिरल्या की काटा येतो आणि माझ्या कानात शिरल्या की जांभई. मधे नेमकं घडतं काय?

एकाचं अमृत, दुसऱ्याचं पाणी

कॅनडात माँट्रियल इथे व्हॅलरी सॅलिमपूर, रॉबर्ट झटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाच्या जवळ जाणारा एक प्रयोग केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकताना अंगावर काटा येतो असं संगीत प्रत्येकाने स्वतःच निवडून आणायचं होतं. ते ऐकत असताना मेंदूची चित्रं घेतली गेली. तेव्हा दिसलं की संगीताच्या आनंदात मेंदूतलं डोपामिन हे रसायन दोनदा काम करतं. आवडती जागा ‘आता येणार, आता येणार’ असं वाटतं तेव्हा ते मेंदूच्या एका भागात स्रवतं. ती जागा प्रत्यक्ष आली की दुसऱ्या भागात स्रवतं. चांगलं जेवण मिळाल्यावर जी यंत्रणा जागी होते, तीच इथे कामाला लागते.

या प्रयोगातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळी आहे. तुलनेसाठी ज्याने काहीच होत नाही असं संगीतही हवं होतं. ते संशोधकांनी कुठून आणलं? एका माणसाने आणलेलं जिवाभावाचं संगीत त्यांनी दुसऱ्याला ऐकवलं. एकाच्या अंगावर काटा आणणारे सूर दुसऱ्याला जेमतेम ठीक वाटले. म्हणजे काटा फक्त सुरांमध्ये नसतो. तो ऐकणाऱ्याच्या आठवणींत आणि अपेक्षांतही असतो.

गाणं ऐकताना मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. अंदाज खरा ठरला तरी मजा येते आणि बेताने चुकला तरी येते. समेवर येणाऱ्या गायकाला आपण ‘वा!’ म्हणतो ते याचमुळे. पण अंदाज बांधायचा तर त्या संगीताची ओळख हवी. शेजारच्या मुलाला कुठे ढोल वाजणार, कुठे गायक थांबणार, हे पाठ होतं. त्यामुळे त्याच्या मेंदूत ‘आता येणार’चा खेळ पूर्ण रंगात होता. माझ्यासाठी तो नुसता चढत जाणारा आवाज होता. ख्याल पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाची विलंबित लयीत जी गत होते, तीच माझी इथे झाली होती.

मग वारंवार ऐकलं तर आवडेल का? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की नुसत्या परिचयाने वस्तूंबद्दल ओढ वाढते. रेडिओवर रोज वाजणारं गाणं महिन्याभरात गुणगुणावंसं वाटतं, ते यामुळे. पण त्याला एक मर्यादा आहे. मुळातच नकोशी वाटणारी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, तर नावड पक्की होण्याचीही शक्यता असते. लेकीच्या खोलीच्या बंद दाराने माझ्या बाबतीत बहुधा हेच केलं होतं.

पाय कोणाचं ऐकतात?

अर्ध्या तासाने मला एक लाजिरवाणा शोध लागला. माझा पाय ठेका धरत होता. मी थांबवला. दोन मिनिटांनी तो पुन्हा सुरू झाला.

यालाही शास्त्र आहे. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठात लाइव्हलॅब नावाची एक जागा आहे. ती एकाच वेळी संगीताचं सभागृहही आहे आणि प्रयोगशाळाही. तिथे एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या डोक्याला हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. कार्यक्रम चालू असताना संशोधक अतिशय खालच्या पट्टीतला, सहज ऐकू न येणारा आवाज दर अडीच मिनिटांनी चालू-बंद करत होते. प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. तरीही तो आवाज चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होते. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांचा अंदाज असा, की ही कंपनं त्वचेतून आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून शरीरापर्यंत पोचतात आणि हालचालींच्या केंद्रांना चाळवतात.

थोडक्यात, ठेका धरण्यासाठी आवड लागतेच असं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचं पथक शेजारून गेलं की छातीत जे धडधडतं, ते आपली परवानगी घेऊन धडधडत नाही. मात्र त्याच प्रयोगशाळेत झालेल्या आणखी एका अभ्यासात दिसलं होतं, की प्रत्यक्ष कार्यक्रमात एकूणच लोक जास्त डोलतात आणि त्यातही त्या कलावंताचे चाहते अधिक. म्हणजे पाय शरीराचं ऐकतात, पण मनाने साथ दिली तर जास्त मोकळेपणाने ऐकतात.

निखाऱ्यांवरून चालणारं गाव

आता राहिला तो गर्दीचा प्रश्न. हजारो माणसं एकाच वेळी हात वर करतात, एकच शब्द म्हणतात, तेव्हा माणसाला आपण कुठल्यातरी मोठ्या गोष्टीचा भाग आहोत असं वाटू लागतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये धर्मावरच्या आपल्या ग्रंथात या सामूहिक उधाणाचं वर्णन केलं आहे. आपल्याला ते पुस्तकातून शिकायची गरज नाही. वारीत टाळ-मृदंगाच्या गजरात ज्याने चार पावलं टाकली आहेत, त्याला ते ठाऊक आहे.

मग ते उधाण माझ्यापर्यंत का पोचत नव्हतं? मी तर अगदी त्याच्या मधोमध उभी होते.

उत्तराचा एक धागा स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या लहानशा गावात सापडतो. तिथे दर वर्षी जून महिन्यात, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, गावकरी रसरशीत निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात. बहुतेक जण आपल्या जवळच्या माणसाला पाठीवर घेऊन चालतात. बघायला बाहेरूनही खूप लोक येतात. इव्हाना कॉनवालिन्का, दिमित्रिस झिगालातास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष चकित करणारे होते. निखाऱ्यांवर चालणाऱ्याच्या ठोक्यांचा जो चढउतार होता, त्याच्याशी जुळणारा चढउतार नुसत्या बसून बघणाऱ्या त्याच्या नातलगांच्या आणि मित्रांच्या हृदयातही दिसला. पण बाहेरगावहून आलेल्या, कोणाशीच नातं नसलेल्या प्रेक्षकांच्या ठोक्यांत तशी जुळणी आढळली नाही.

जागा तीच, आग तीच, आरडाओरडाही तोच. फरक एवढाच, की त्या निखाऱ्यांवर काहींचं ‘आपलं माणूस’ होतं आणि काहींचं नव्हतं.

मी त्या संध्याकाळी बाहेरगावहून आलेली प्रेक्षक होते. रंगमंचावरच्या चौघांशी माझं काही नातं नव्हतं. आणि पहिला तासभर मी फक्त रंगमंचाकडेच बघत होते.

कानांना आवडनिवड परवडत नाही

उरलेली गोष्ट सांगण्याआधी कानांबद्दल बोलायला हवं, कारण ते चाहत्यांनाही आणि माझ्यासारख्यांनाही सारखेच दोन मिळालेले आहेत.

प्रत्येक आंतरकर्णात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींचं मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर त्याच करतात. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला साधारण आठ तास सोसवतो. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. या गणिताने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. रॉक संगीताचा कार्यक्रम दोन-दोन तास चालतो. म्हणूनच या संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी एक मानक जाहीर केलं. आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या पुढे जाऊ नये, प्रेक्षकांना कान झाकायची साधनं मिळावीत आणि थोडा वेळ कान शांत ठेवता येईल अशी जागा असावी, असं ते सांगतं.

नावडतं संगीत कानांना जास्त बाधतं का? १९८७ मधला एक छोटा प्रयोग तसं सुचवतो. पॉप संगीत आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या तरुणांना सारख्याच ताकदीचं संगीत आणि सारख्याच ताकदीचा नुसता गोंगाट ऐकवला गेला. न आवडणाऱ्यांच्या कानांना संगीतानंतर जास्त तात्पुरता बधिरपणा आला, तर आवडणाऱ्यांना गोंगाटानंतर. पण त्यात माणसं मोजकी होती, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. खरा धोका उलट बाजूने आहे. आवडतं संगीत मोठं वाटत नाही. त्यामुळे चाहता स्पीकरच्या आणखी जवळ जातो आणि कान वाजायला लागले तरी ‘मजा आली’ म्हणून घरी येतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. ॲमस्टरडॅममध्ये एका खुल्या संगीत महोत्सवात ५१ जणांवर चाचणी झाली. सरासरी १०० डेसिबलच्या आसपासच्या आवाजात ते साडेचार तास होते. ज्यांनी इअरप्लग घातले होते त्यांच्या ८ टक्के कानांमध्ये तात्पुरता बधिरपणा आढळला. ज्यांनी घातले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ४२ टक्के होतं. कान वाजण्याचा त्रासही इअरप्लग घालणाऱ्यांत १२ टक्के, तर न घालणाऱ्यांत ४० टक्के लोकांना झाला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि हे सांगायला कोल्डप्लेच्या गायकाइतका योग्य माणूस नाही. क्रिस मार्टिनला स्वतःला कान वाजण्याचा, म्हणजे टिनिटसचा, त्रास आहे. तरुणपणी ऐकलेल्या मोठ्या आवाजाचा हा परिणाम असल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलं आहे आणि तो कान जपण्याच्या मोहिमेतही सामील झाला आहे. ज्याला आवडत नाही त्याने यांचं संगीत सोडून द्यावं, पण हा सल्ला घ्यावा.

म्हणून कार्यक्रमाला जाताना फोमचे किंवा सिलिकॉनचे इअरप्लग खिशात ठेवा. कापसाचे बोळे फारसे उपयोगाचे नाहीत. फोमचा इअरप्लग बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, तो आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. स्पीकरपासून लांब राहा. मधे थोडा वेळ बाहेर पडून कानांना विश्रांती द्या. दुसऱ्या दिवशीही कान वाजत राहिले किंवा दडे बसल्यासारखं वाटलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर अजिबात थांबू नका. हाच नियम गणपतीतल्या ढोल-ताशाला आणि लग्नातल्या डीजेलाही लागू आहे.

मी दोन जोड नेले होते. लेकीने आधी नाक मुरडलं. मग मी क्रिस मार्टिनचं नाव घेतलं आणि तिने निमूटपणे कानात घातले. आईच्या शब्दाला नाही तरी गायकाच्या शब्दाला वजन असतं.

दार ओढून घेतलेलं गाणं

कार्यक्रमाच्या शेवटाकडे ‘फिक्स यू’ हे २००५ सालचं गाणं सुरू झालं. लेक उड्या मारायची थांबली. मी तिच्याकडे पाहिलं तर ती रडत होती. गाताही येत नव्हतं तिला.

कान बंद असल्यामुळे तिला माझ्या अगदी जवळ येऊन बोलावं लागलं. म्हणाली, “बाबा ऑक्सिजनवर होते ना, तेव्हा हेच ऐकत असायचे मी.”

एप्रिल २०२१. हिचे बाबा एकोणीस दिवस रुग्णालयात होते. आम्हाला भेटायची परवानगी नव्हती. मी फोनवर, डॉक्टरांच्या निरोपांवर आणि औषधांच्या शोधात होते. आणि ही मुलगी दिवसभर कानात हेडफोन घालून खोलीत पडून असायची. एका संध्याकाळी माझा तोल गेला. “बाप तिकडे झुंजतोय आणि तुला गाणी सुचतायत?” असं मी तिला बोलले होते. ती काहीच बोलली नव्हती. बाबा बरे होऊन घरी आले, आम्ही पेढे वाटले आणि तो विषय मी विसरून गेले. ती विसरली नव्हती.

या गाण्यामागची हकीकत मला नंतर कळली. क्रिस मार्टिनने ते आपल्या तेव्हाच्या जोडीदाराचे, अभिनेत्री ग्वेनिथ पाल्ट्रो यांचे, वडील वारल्यानंतर तिच्यासाठी लिहिलं होतं. माझ्या लेकीला त्या एकोणीस दिवसांत हे माहीत होतं. मला नव्हतं.

त्यानंतर मी रंगमंचाकडे बघितलंच नाही. उरलेलं सगळं गाणं मी तिच्याकडे बघत ऐकलं. ती श्वास कुठे घेते, ओठ कुठे थरथरतात, हात कुठे वर जातो. आणि आवाज चढत चढत गेला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पुढे काय येणार आहे, कारण ते तिच्या चेहऱ्यावर आधी येत होतं. माझे ठोके तिच्या ठोक्यांशी जुळले का, ते सांगता येणार नाही. मनगटावरच्या त्या पट्टीत नुसता दिवा होता, नाडी मोजायची सोय नव्हती. पण मी आता बाहेरगावची प्रेक्षक राहिले नव्हते, एवढं नक्की.

बाहेर पडताना पट्ट्या परत केल्या. नेरुळ स्थानकावर गर्दी अजूनही गात होती. लोकलमध्ये कशीबशी दोघींना टेकायला जागा मिळाली. कानातले प्लग काढल्यावर लेक म्हणाली, “कंटाळलीस ना तू?”

म्हटलं, “पहिला तासभर फार.”

ती हसली. मग मी तिला २०२१ मधल्या त्या संध्याकाळबद्दल सॉरी म्हटलं. आमच्या घरात हा शब्द मोठ्यांनी लहानांना म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे ती थोडी गडबडली. ठाणे येईपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपून गेली.

कोल्डप्ले मला अजूनही आवडत नाही. चार दिवसांनी लेकीच्या खोलीतून तेच चढत जाणारे सूर ऐकू आले, तेव्हा ते मला पुन्हा एका साच्यातलेच वाटले. फक्त या वेळी मी दार ओढून घेतलं नाही. आवाज थोडा कमी कर, एवढंच सांगितलं. कान शेवटी तिचे आहेत आणि अजून बरीच वर्षं वापरायचे आहेत.